विश्लेषण : सॉफ्टवेअरमध्ये दडलेल्या गमती कोणाच्या आणि कोणासाठी? ‘ईस्टर एग’वरून वाद का होतात?

दिवाळीच्या दिवसांत गुगलवर ‘दिवाली’ असा इंग्रजी शब्द शोधला की एक पणती दिसते, तिला स्पर्श केला की पडदा अंधारतो आणि आणखी पणत्या उजळता येतात, हा अनुभव २०२२ मध्ये अनेकांनी घेतला. होळीलाही असेच रंगांचे वाडगे दिसले आणि त्यांवर क्लिक केल्यावर पडदाभर रंग उडाला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आवृत्तीच्या क्रमांकावर लागोपाठ टिचक्या मारल्या, तर एखादे चित्र किंवा खेळ उघडतो. इंटरनेट गेले की क्रोम ब्राउझरवर उड्या मारणारा डायनासोर तर घराघरांतल्या मुलांना ठाऊक आहे.

या गमतींना सॉफ्टवेअरच्या जगात ‘ईस्टर एग’ म्हणतात. वरवर हा निव्वळ विरंगुळा वाटतो. पण याच गमतींवरून मोझिलाला टीका झेलावी लागली, गुगलला काही तासांत एक सुविधा गुंडाळावी लागली आणि मायक्रोसॉफ्टने तर ही परंपराच थांबवली. असे का झाले? सॉफ्टवेअरमध्ये न सांगता काही ठेवण्याचा हक्क नेमका कोणाला आहे?

‘ईस्टर एग’ म्हणजे काय?

ईस्टरच्या सणाला ख्रिस्ती कुटुंबांत रंगवलेली अंडी लपवतात आणि मुले ती शोधून काढतात. त्यावरून हे नाव आले. सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेली, माहितीपुस्तिकेत न नोंदवलेली आणि मूळ कामाशी संबंध नसलेली करामत म्हणजे ईस्टर एग. ती चूक नसते, म्हणजे ‘बग’ नव्हे. ती नुकसान करण्यासाठी ठेवलेली नसते, म्हणजे ‘मालवेअर’ही नव्हे. मात्र एक गोष्ट तिन्हींत समान आहे. वापरणाऱ्याला ती तिथे आहे हे आधी माहीत नसते. पुढचे सगळे वाद याच साम्यातून निर्माण होतात.

हे नाव कसे पडले?

त्यासाठी अटारी या अमेरिकी व्हिडीओ गेम कंपनीकडे जावे लागते. अटारी १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने विकत घेतली होती. गेम तयार करणाऱ्या प्रोग्रामरचे नाव खोक्यावर किंवा खेळात छापायचे नाही, असे कंपनीचे धोरण होते. नाव झाले तर प्रतिस्पर्धी त्याला पळवतील किंवा तो जास्त पैसे मागेल, हा त्यामागचा हिशेब होता.

वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ एकट्याने तयार केला. संपूर्ण खेळ अवघ्या चार किलोबाइटमध्ये बसवलेला होता. नावही नाही आणि विक्रीतला वाटाही नाही, हे त्याला खटकत होते. त्याने वरिष्ठांना न सांगता खेळात एक गुप्त खोली बांधली. काळ्या किल्ल्यातल्या भुलभुलैयात पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक बारीक ठिपका होता. तो उचलून एका ठरावीक भिंतीपर्यंत नेला की पलीकडच्या खोलीत शिरता येई आणि तिथे ‘वॉरन रॉबिनेटने तयार केले’ अशा अर्थाची अक्षरे रंग बदलत चमकत.

१९८० मध्ये खेळ बाजारात गेला, तेव्हा रॉबिनेटने कंपनी सोडलेली होती. अमेरिकेच्या उटा राज्यातील एका शाळकरी मुलाने ती खोली शोधून अटारीला पत्र लिहिले, तेव्हा कंपनीला तिचा पत्ता लागला. कार्ट्रिजमधली चिप एकदा तयार झाली की तिच्यातला कोड बदलणे खर्चिक असते. त्यामुळे ती खोली काढून टाकण्याऐवजी तिचा फायदा घ्यावा, असा विचार झाला. अटारीतील अधिकारी स्टीव्ह राइट यांनी या लपवाछपवीला ईस्टरच्या अंड्यांची उपमा दिली आणि हे नाव रूढ झाले.

हे पहिले उदाहरण मात्र नव्हते. अटारीच्याच १९७७ मधील ‘स्टारशिप १’ या आर्केड यंत्रात ठरावीक क्रमाने बटणे दाबल्यास ‘हाय रॉन’ असा संदेश आणि दहा मोफत डाव मिळत. रॉन मिलनर यांनी ठेवलेली ही गंमत चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये जगासमोर आली.

म्हणजे हा श्रेयाचा प्रश्न होता?

सुरुवातीला तरी होता. अटारीतल्या डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चार प्रोग्रामरनी श्रेय आणि पैशाच्या मुद्द्यावरच कंपनी सोडली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये ते होते. या कंपनीने खेळ तयार करणाऱ्याचे नाव उघडपणे छापायला सुरुवात केली. अ‍ॅपलने १९८४ च्या मॅकिंटॉशच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर तो घडवणाऱ्या चमूच्या सह्या कोरल्या होत्या. खोके उघडल्याशिवाय त्या दिसत नसत, पण त्या कंपनीच्या संमतीने होत्या.

हा प्रश्न भारतातही गैरलागू नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’ मानला जातो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. मात्र याच कायद्याचे कलम ५७ मालकी हक्कापासून स्वतंत्रपणे लेखकाला ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा हक्क देते. पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईत बसून परदेशी ग्राहकासाठी कोड लिहिणाऱ्या अभियंत्याचे नाव त्या उत्पादनावर क्वचितच येते. रॉबिनेटची तक्रार त्यालाही परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की आज तो गुप्त खोली बांधायला गेला तर कोड तपासणीत ती पकडली जाण्याची आणि करारभंग ठरण्याची शक्यता मोठी आहे.

मायक्रोसॉफ्टने ही परंपरा का थांबवली?

नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये अशा गमती भरपूर होत्या. एक्सेल ९७ मध्ये ठरावीक चौकटींचा पत्ता टाइप करून दोन-तीन कळा एकत्र दाबल्या की हिशेबाचा तक्ता नाहीसा होई आणि जांभळट डोंगरांवरून विमान उडवल्यासारखे दृश्य सुरू होई. त्या डोंगरांत फिरता फिरता एका दगडी फलकावर सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांची नावे सरकताना दिसत. वर्ड ९७ मध्ये पिनबॉलचा खेळ दडलेला होता.

पण हेच सॉफ्टवेअर बँका, सरकारे आणि लष्करे वापरत होती. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात ‘विश्वासार्ह संगणन’ हे कंपनीचे सर्वोच्च प्राधान्य असल्याचे सांगितले. त्याआधीच्या काही महिन्यांत ‘कोड रेड’ आणि ‘निम्डा’ या विषाणूंनी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींवर मोठे हल्ले केले होते. या धोरणात ईस्टर एगला जागा उरली नाही.

मायक्रोसॉफ्टमधील अभियंते लॅरी ऑस्टरमन यांनी २००५ मध्ये यामागचे कारण उलगडून सांगितले होते. त्यांचा मुद्दा विश्वासाचा होता. ग्राहक सॉफ्टवेअर विकत घेतो, तेव्हा त्यात काय आहे हे कंपनीला माहीत असल्याचे तो गृहीत धरतो. कोणा कर्मचाऱ्याने त्यात विमान लपवलेले निघाले, तर आणखी कोणी आणखी काही लपवलेले नाही कशावरून, असा प्रश्न येतोच. ते विमान निरुपद्रवी होते हे त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

याला एक तांत्रिक बाजूही आहे. लपवलेला कोडही कोडच असतो. त्यात चूक राहू शकते आणि ती हल्लेखोराला वापरता येते. उघड कोडची चाचणी होते, दुरुस्ती होते. ज्याची नोंदच नाही, त्याची चाचणी कोण करणार?

मग सर्च इंजिनमध्ये एवढ्या गमती कशा चालतात?

कारण त्यांची रचना आणि मालकी वेगळी आहे. गुगलवर इंग्रजीत ‘डू अ बॅरल रोल’ असे शोधले की संपूर्ण पान एक गिरकी घेते. ही करामत २०११ ची. ‘अस्क्यू’, म्हणजे तिरपे, असे शोधले की पान किंचित कलते. ‘रिकर्जन’ शोधले तर तुम्हाला ‘रिकर्जन’च म्हणायचे होते का, असे गुगल विचारते. त्यावर क्लिक केले की पुन्हा तोच प्रश्न येतो. स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या प्रक्रियेला संगणकशास्त्रात रिकर्जन म्हणतात, त्यावरचा हा विनोद आहे.

यात तांत्रिकदृष्ट्या फारसे गूढ नाही. ठरावीक शब्द शोधला गेला की सर्व्हर निकालांसोबत छोटासा कोड पाठवतो आणि ब्राउझर तो चालवतो. पान हलते, पण त्यावरचे शोधनिकाल तेच राहतात. टॅब बंद केला की सारे संपते. एक्सेलमधले विमान लाखो संगणकांवर कायमचे जाऊन बसले होते. सर्चमधली गंमत मात्र कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि हवी तेव्हा काढता येते.

त्याहून मोठा बदल म्हणजे ही गंमत आता कंपनीला माहीत असते, बहुतेकदा कंपनीचीच असते. एप्रिल २०१९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ प्रदर्शित होताना गुगलवर ‘थॅनोस’ शोधल्यास एक हातमोजा दिसे. त्यावर क्लिक केले की चुटकी वाजे आणि पानावरचे निम्मे निकाल धूळ होऊन विरत. प्रेक्षकांना ते आवडले. चित्रपटाची त्यातून फुकटात चर्चा झाली हेही खरे. एका कर्मचाऱ्याने चोरून केलेली सही ते कंपनीने वेळ साधून दिलेली भेट, असा ईस्टर एगचा प्रवास झाला आहे.

या भेटीची किंमत वापरणारा आपल्या वेळेतून मोजतो. मे २०१० मध्ये पॅक-मॅनला ३० वर्षे झाली तेव्हा गुगलने मुखपृष्ठावर खेळता येणारे डूडल ठेवले. ते लपवलेले नव्हते, पण त्यामुळे लोकांचे सुमारे ४८ लाख तास खर्ची पडले, असा अंदाज रेस्क्यूटाइम या वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने मांडला होता.

डायनासोरचा भारताशी काय संबंध?

क्रोममधला डायनासोर २०१४ मध्ये आला. इंटरनेट नसणे म्हणजे प्रागैतिहासिक काळात जाणे, हा त्यामागचा विनोद. २०१८ मध्ये गुगलने दिलेल्या माहितीनुसार हा खेळ महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा खेळला जात होता. त्यातले बहुतेक खेळाडू जिथे मोबाइल डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे अशा देशांतले होते. गुगलने त्यात भारत, ब्राझील, मेक्सिको आणि इंडोनेशियाची नावे घेतली होती. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना सुचलेला विनोद सर्वाधिक पाहिला गेला तो जिथे नेटवर्क वारंवार जाते तिथे.

या खेळाचा आणखी एक धडा आहे. शाळा आणि कार्यालयांत तो डोकेदुखी ठरू लागला, तेव्हा गुगलने प्रशासकांना तो बंद करण्याची सोय दिली. संस्थेच्या व्यवस्थापनाखाली नोंदवलेल्या क्रोमबुकवर तर वेगळी परवानगी दिल्याशिवाय तो चालतच नाही. बंद करण्याचे बटण जिथे आहे, तिथे वाद टिकत नाही.

गंमत अंगाशी कधी आली?

१ एप्रिल २०१६ रोजी गुगलने जीमेलमध्ये नेहमीच्या ‘पाठवा’ बटणाशेजारी ‘माइक ड्रॉप’ नावाचे बटण ठेवले. ते दाबले की उत्तरासोबत माइक खाली टाकणाऱ्या ‘मिनियन’चे चलतचित्र जाई आणि त्यानंतर त्या संभाषणातली उत्तरे पाठवणाऱ्याला दिसेनाशी होत. नोकरीचे अर्ज आणि कार्यालयीन पत्रे चुकून अशा चित्रासह गेल्याच्या तक्रारी आल्या. काही तासांतच गुगलने ते बटण काढले आणि माफी मागितली.

डिसेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स वापरणाऱ्या अनेकांना आपल्या ब्राउझरमध्ये ‘लुकिंग ग्लास’ नावाचा अनोळखी विस्तार आढळला. त्याच्या वर्णनात केवळ एक गूढ वाक्य होते. अनेकांना तो मालवेअर वाटला. प्रत्यक्षात तो ‘मिस्टर रोबोट’ या हॅकिंगवरच्या मालिकेशी जोडलेला कोड्याचा खेळ होता आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केल्याशिवाय तो काही करत नव्हता. पण मोझिलाने तो वापरकर्त्यांच्या संगणकावर पोहोचवला, तो ब्राउझर सुधारण्यासाठीचे प्रयोग राबवणाऱ्या यंत्रणेतून. खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेनेच न विचारता जाहिरातवजा काही आत सोडले, याचा लोकांना राग आला. मोझिलाला माघार घ्यावी लागली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे ५ लाख ७८ हजार गाड्यांसाठी ‘रिकॉल’ जाहीर करावा लागला. गाडीच्या बाहेरच्या स्पीकरवर हवा तो आवाज वाजवण्याची ‘बूमबॉक्स’ ही गमतीची सुविधा चालत्या गाडीतही वापरता येत होती. पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी विद्युत गाडीने जो आवाज करणे बंधनकारक आहे, तोच त्यात बुडण्याची भीती होती.

दुसऱ्याच्या कोडमधली गंमत आपल्या माथी कशी येते?

आजचे सॉफ्टवेअर कोणी एक जण पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. शेकडो तयार मुक्त-स्रोत घटक जोडून ते उभे राहते. २५ डिसेंबर २०१८ रोजी चीनमधील अनेक संकेतस्थळांवरच्या बटणांवर अचानक बर्फ साचलेला दिसू लागला. ही संकेतस्थळे ‘अँट डिझाइन’ हा लोकप्रिय घटकसंच वापरत होती. संचाची देखभाल करणाऱ्याने काही महिने आधी नाताळची ही गंमत कोडमध्ये घालून ठेवली होती. ज्यांच्या संकेतस्थळांवर बर्फ पडला त्यांना याची कल्पनाच नव्हती आणि आपल्या वरिष्ठांना वा ग्राहकांना काय सांगायचे, हे त्यांना कळेना. त्यांचा संताप इतका होता की देखभालकर्त्याने जाहीर माफी मागितली.

लिनक्समध्ये मदतीची पाने दाखवणाऱ्या ‘मॅन’ या आज्ञेतही अशीच गंमत होती. मध्यरात्री बरोबर साडेबाराला ती विशिष्ट प्रकारे चालवली तर ‘गिमी गिमी गिमी’ असे शब्द उमटत. ‘अ‍ॅबा’ या गायकवृंदाच्या, मध्यरात्रीनंतरच्या ‘मॅन’चा उल्लेख असलेल्या गाण्याच्या शीर्षकावरची ही कोटी होती. २०१७ मध्ये एका ठिकाणच्या स्वयंचलित चाचण्या नेमक्या त्या वेळी बिघडू लागल्या, तेव्हा ती उघडकीस आली. पुढे ती काढून टाकण्यात आली.

दोन्ही प्रसंगांत नुकसान किरकोळ होते. पण त्याच वाटेने काय येऊ शकते हे मार्च २०२४ मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ या लिनक्समधील फाइल आकुंचित करण्याच्या साधनात, देखभालकर्त्याचा दोनेक वर्षे विश्वास संपादन केलेल्या टोपणनावाच्या व्यक्तीने चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले आणि त्यातून तो सापडला. बर्फ आणि चोरदरवाजा यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परंतु दोन्ही गोष्टी आत शिरल्या त्या एकाच पद्धतीने : वापरणाऱ्याने न वाचलेल्या, विश्वासावर स्वीकारलेल्या कोडमधून.

म्हणूनच सॉफ्टवेअर कोणत्या घटकांपासून बनले आहे याची यादी मागण्याकडे सरकारांचा कल वाढतो आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक छापलेले असतात, तशी ही यादी असते. अमेरिकेने २०२१ मध्ये अध्यक्षीय आदेशाद्वारे त्या दिशेने पाऊल टाकले. भारतात ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०२४ मध्ये अशा यादीविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अर्थात ही यादी घटकांची नावे सांगते. एखाद्या घटकाच्या आत कोणी काय लपवले आहे हे ती सांगत नाही. तेवढ्यासाठी कोणीतरी कोड वाचावाच लागतो.

मग गंमत करूच नये का?

आजवरच्या उदाहरणांवरून काही निकष काढता येतात. गंमत वापरणाऱ्याच्या कृतीने सुरू व्हावी, आपोआप नव्हे. तिच्यामुळे त्याचे काम, फाइल किंवा पत्र बदलू नये. ती सहज बंद करता यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाला नसली तरी सॉफ्टवेअरची जबाबदारी घेणाऱ्याला ती माहीत असावी. पान फिरवणारी गिरकी आणि फोनमधली टिचकी या कसोट्यांवर उतरतात. जीमेलचे बटण दुसऱ्या कसोटीवर, तर फायरफॉक्सचा विस्तार पहिल्याच कसोटीवर नापास झाला. एक्सेलमधले विमान पहिल्या तीन कसोट्यांवर उतरले असते, पण शेवटच्या कसोटीवर त्याच्याबद्दल शंका उरली.

या साऱ्यात रॉबिनेटचा मूळ मुद्दा मात्र मागे पडला. त्याला खेळणाऱ्यांना चकवायचे नव्हते, आपले नाव कुठेतरी राहावे एवढेच हवे होते. गेम आणि चित्रपटांमध्ये आज शेवटी नावांची लांबलचक यादी येते. बँकेचे अ‍ॅप, रेल्वे तिकिटाचे संकेतस्थळ किंवा कर भरण्याची प्रणाली कोणी तयार केली, हे मात्र वापरणाऱ्याला कुठेच दिसत नाही. गुप्त खोल्या बंद करण्याची कारणे पटण्यासारखी आहेत. त्या ज्या कारणासाठी बांधल्या गेल्या, ते कारण मात्र बहुतेक सॉफ्टवेअरच्या बाबतीत अजून तसेच आहे.